परिवर्त्यांचे नियंत्रण आणि मानवी बुद्धीविषयीचे निष्कर्ष

'अमुक समाजाच्या मुलांना गणित जमत नाही', 'तमुक समाजाची बुद्धी मुळातच तल्लख' अशी विधाने आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पूर्वी या विधानांना धर्मग्रंथांचा आधार दिला जात असे. विसाव्या शतकात त्यांना शास्त्राचा आधार देण्याचे प्रयत्न झाले. ग्रंथप्रामाण्य नाकारण्यास आपला समाज शिकला आहे. परंतु तेच विधान जेव्हा आकडे, तक्ते आणि सरासऱ्या घेऊन समोर येते, तेव्हा सुशिक्षित माणूसही क्षणभर निरुत्तर होतो. आकडा खोटा नसतो, हे त्यास ठाऊक असते. मात्र तो आकडा नेमका कशाचा आहे, हा प्रश्न विचारण्याची रीत त्यास कोणी शिकविलेली नसते.

ही रीत मानसशास्त्राने स्वतःच घडविली आहे. तिचे मर्म 'परिवर्त्य' आणि 'नियंत्रण' या दोन संकल्पनांत आहे. त्या केवळ परीक्षेपुरत्या पाठ करण्याच्या व्याख्या नव्हेत. माणसांच्या योग्यतेविषयी केलेला कोणताही दावा तपासण्याची ती साधने आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचा परिचय प्रत्यक्ष संशोधनांच्या आधारे करून देत आहोत.

१. परिवर्त्य म्हणजे काय?

ज्या घटकाचे मूल्य व्यक्तीगणिक, प्रसंगागणिक अथवा काळागणिक बदलते, त्यास परिवर्त्य म्हणतात. काही ग्रंथांत यासच 'चल' असे नाव आहे. वय, झोपेचे तास, परीक्षेतील गुण, खोलीतील उजेड, मनातील भीती ही सर्व परिवर्त्येच होत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका विहाराला जोडून अभ्यासिका आहे. तेथे दररोज सायंकाळी वीस मिनिटे आनापानसतीचा सराव करून मुले अभ्यासाला बसतात. वर्षअखेरीस असे दिसते की, वस्तीतील इतर मुलांपेक्षा या मुलांना अधिक गुण मिळाले. कार्यकर्ते आनंदाने म्हणतात, 'ध्यानामुळे गुण वाढले.' येथे ध्यानाचा सराव हे कारण मानलेले, म्हणजे 'स्वतंत्र परिवर्त्य' आहे. गुण हे परिणाम मानलेले, म्हणजे 'अवलंबी परिवर्त्य' आहे. पहिल्यात बदल केला असता दुसऱ्यात बदल होतो, असा हा दावा आहे.

परंतु अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना आणखीही काही मिळाले आहे. त्यांना दिव्याचा पुरेसा उजेड मिळाला, दोन तासांची शांतता मिळाली, अडले तर सांगणारा एखादा महाविद्यालयीन तरुण मिळाला. शिवाय अभ्यासिकेत कोण आले? ज्यांना मुळातच अभ्यासाची ओढ होती, किंवा ज्यांच्या आईवडिलांनी त्यांना आग्रहाने पाठविले, अशी मुले आली. हे सर्व घटक ध्यानाबरोबर हातात हात घालून आले आणि प्रत्येकाने गुण वाढू शकतात. आपल्या दाव्यात नसूनही परिणामावर प्रभाव टाकणाऱ्या अशा घटकांना 'बाह्य परिवर्त्ये' म्हणतात. बाह्य परिवर्त्य जेव्हा स्वतंत्र परिवर्त्याला असे चिकटून येते की दोहोंचा परिणाम वेगळा करता येत नाही, तेव्हा त्यास 'मिश्रित परिवर्त्य' म्हणावे. मानसशास्त्रातील बहुतेक चुकीच्या निष्कर्षांचे मूळ या मिश्रणात आहे.

२. बर्लिनचा घोडा

हे मिश्रण किती सूक्ष्म असू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण बर्लिनचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा 'हान्स' हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देत असे. मालक लबाड नव्हता; तो प्रदर्शनाचे पैसेही घेत नसे. १९०४ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने पाहणी केली, तेव्हा कोणतीही हातचलाखी आढळली नाही.

पुढे ऑस्कार फुंग्स्ट या संशोधकाने निराळी वाट धरली. घोड्याला अधिक कठीण प्रश्न विचारण्याऐवजी त्याने प्रसंगातील एकेक घटक बदलून पाहिला. ज्याला उत्तर ठाऊक आहे असा मनुष्य प्रश्न विचारी, तेव्हा हान्सचे उत्तर बरोबर येई. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्स चुके. विचारणारा घोड्याच्या नजरेआड असला तरीही तसेच होई. खुरांची संख्या योग्य आकड्यापाशी आली की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात अगदी बारीक, नकळत हालचाल होत असे. घोडा ती ओळखून थांबत असे. फुंग्स्टने हे विवेचन १९०७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

यातून निघणारा बोध असा की, निरीक्षकाची अपेक्षा हेही एक परिवर्त्य आहे. १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी हीच गोष्ट उंदरांच्या बाबतीत दाखविली. त्यांनी काही विद्यार्थ्यांना सांगितले की तुमचे उंदीर 'हुशार' वाणाचे आहेत. इतरांना सांगितले की तुमचे 'मंद' वाणाचे आहेत. वस्तुतः सर्व उंदीर सारखेच होते आणि त्यांची विभागणी कोणत्याही निवडीविना झाली होती. तरीही 'हुशार' म्हटलेल्या उंदरांनी चक्रव्यूह अधिक चांगला सोडविल्याची नोंद झाली. शिकविणाऱ्याच्या वा मोजणाऱ्याच्या मनातील समजूत उंदराच्या कामगिरीत उतरत असेल, तर माणसाच्या मुलाविषयी किती सावध राहावयास हवे, हे वाचकांनी मनाशी ताडून पाहावे.

३. सैनिकांच्या चाचण्या : एका चुकीचा इतिहास

पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, रॉबर्ट येर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या सैन्यात सुमारे १७ लाख जवानांच्या बुद्धिचाचण्या घेण्यात आल्या. साक्षरांसाठी 'आल्फा' आणि निरक्षरांसाठी चित्रमय 'बीटा' अशा दोन चाचण्या होत्या. अपुऱ्या चित्रातील उणीव ओळखणे हा बीटा चाचणीचा एक भाग होता. टेनिसच्या मैदानावर जाळे नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, विजेच्या दिव्यात तार नाही, अशी ती चित्रे होती. ज्याने टेनिसचे मैदान कधी पाहिलेच नाही, अशा शेतमजुराने जाळ्याची उणीव कशी ओळखावी? चाचणीचे नाव बुद्धीचे होते, मापन मात्र पुष्कळ अंशी परिचयाचे होत होते.

या आकड्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक व कृष्णवर्णीय कनिष्ठ, असा निष्कर्ष काढला होता. परंतु त्याच आकडेवारीत एक अडचण होती. परदेशांतून आलेल्यांपैकी ज्यांचे अमेरिकेतील वास्तव्य अधिक वर्षांचे होते, त्यांचे गुण अधिक होते. वीस वर्षांहून जास्त राहिलेल्यांची सरासरी तेथेच जन्मलेल्या गोऱ्यांच्या जवळपास पोहोचत होती. याचा सरळ अर्थ असा की, भाषेचा आणि जीवनपद्धतीचा परिचय वाढला की गुण वाढतात. ब्रिगहॅम यांनी मात्र नंतरच्या काळात येणारे लोक अधिकाधिक कनिष्ठ वंशांचे असल्याचे अनुमान काढले. 'वास्तव्याची वर्षे' हे मिश्रित परिवर्त्य समोर उभे असताना त्यांनी पूर्वग्रहाला सोयीचे परिवर्त्य निवडले. १९३० साली त्यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतः जाहीर केले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद केली पाहिजे. परंतु मधल्या सात वर्षांत वंशवादी लेखनाला त्या ग्रंथाचा आधार मिळून चुकला होता.

याच आकड्यांत असेही दिसत होते की, उत्तरेकडील काही राज्यांतील कृष्णवर्णीयांचे गुण दक्षिणेकडील काही राज्यांतील गोऱ्यांपेक्षा अधिक आहेत. वंशश्रेष्ठत्वाचे समर्थक त्यावर म्हणत, 'जे कृष्णवर्णीय मुळात हुशार तेच उत्तरेकडे गेले.' हा युक्तिवाद तपासता येण्याजोगा होता आणि कोलंबिया विद्यापीठातील ओटो क्लाइनबर्ग यांनी तो तपासला. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी ज्या विद्यापीठात शिक्षण घेतले, तेच हे विद्यापीठ होय. क्लाइनबर्ग यांनी दक्षिणेकडील शहरांतील शाळांच्या जुन्या नोंदी पाहिल्या. उत्तरेकडे गेलेली मुले जाण्यापूर्वी इतरांपेक्षा हुशार होती, असे त्यांत आढळले नाही. दुसऱ्या बाजूने, न्यूयॉर्कमधील वास्तव्याच्या वर्षांबरोबर मुलांचे गुण वाढत असल्याचे त्यांना दिसले. १९३५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. तरीही एक शंका उरत होती. त्यांनी एकाच वेळी वेगवेगळ्या मुलांची तुलना केली होती. १९५१ साली एव्हरेट ली यांनी फिलाडेल्फिया येथे त्याच त्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी पाहिल्या आणि वास्तव्याबरोबर गुण वाढत जातात हे पुन्हा दिसून आले. एकेक पर्यायी स्पष्टीकरण असे तपासून बाजूला सारणे, हीच नियंत्रणाची खरी प्रक्रिया होय.

४. नियंत्रणाच्या रीती

बाह्य परिवर्त्यांना आवर घालण्याच्या प्रमुख रीती अशा आहेत.

पहिली रीत स्थिरीकरणाची. जो घटक काढून टाकता येत नाही, तो सर्वांसाठी सारखा ठेवावयाचा. वेळ, खोली, सूचनांचे शब्द आणि परीक्षक सर्वांना एकच असले पाहिजेत.

दुसरी रीत नियंत्रित गटाची. आपल्या उदाहरणात एका गटाला अभ्यासिका अधिक ध्यान, तर दुसऱ्या गटाला तीच अभ्यासिका, तोच उजेड, तोच मार्गदर्शक आणि ध्यानाऐवजी वीस मिनिटांचे शांत वाचन द्यावे. मग दोन गटांत ध्यानापुरताच फरक राहील. नियंत्रित गटाला काहीच न देणे हे अपुरे नियंत्रण होय, कारण कोणीतरी आपली दखल घेत आहे, या जाणिवेनेही मुले अधिक अभ्यास करतात.

तिसरी रीत समकक्ष जोड्यांची. वय, इयत्ता आणि मागील वर्षाचे गुण सारखे असलेली दोन मुले घेऊन त्यांना वेगवेगळ्या गटांत घालावयाचे. मात्र जे घटक आपल्याला सुचले, तेवढेच यात समान होतात. न सुचलेले तसेच राहतात.

चौथी रीत या उणिवेवर उपाय करते. चिठ्ठ्या टाकून किंवा तशाच निव्वळ योगायोगाच्या साधनाने मुलांची विभागणी केली, म्हणजे ओढ, घरची परिस्थिती, स्वभाव असे ज्ञात आणि अज्ञात घटक दोन्ही गटांत साधारणपणे सारखे विखुरले जातात. यास यादृच्छिक विभागणी म्हणतात. गट पुरेसे मोठे असतील तरच तिचा भरवसा धरता येतो.

पाचवी रीत अज्ञाततेची. कोणते मूल कोणत्या गटातील आहे, हे गुण देणाऱ्यास ठाऊक असू नये. बर्लिनच्या घोड्याने शिकविलेला हा धडा आहे.

सहावी रीत संख्याशास्त्रीय नियंत्रणाची. पूर्वीचे गुण किंवा उत्पन्न यांचा प्रभाव गणिताने वजा करून तुलना करावयाची. ही रीत उपयुक्त असली तरी तिच्या निष्कर्षांचा अर्थ लावताना विशेष दक्षता घ्यावी लागते. तिचे उदाहरण पुढे येईलच.

५. जात उच्चारली गेली तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जात हे परिवर्त्य प्रयोगात कसे हाताळावे? चिठ्ठी टाकून एखाद्या मुलाला जात देता येत नाही. ती जन्माबरोबर येते आणि तिच्याबरोबर जमीन, अन्न, शाळा, घरातील पुस्तके, शिक्षकाची नजर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हे सर्व येते. म्हणून दोन जातींच्या मुलांच्या गुणांची नुसती तुलना करून 'फरक जातीमुळे आहे' किंवा 'जन्मजात बुद्धीमुळे आहे' असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या अशक्य आहे. एवढी परिवर्त्ये एकत्र मिसळलेली असताना त्यांपैकी एकावर बोट ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जात देता येत नसली, तरी जातीचा उच्चार मात्र प्रयोगकर्त्याच्या हाती असतो. हे लक्षात घेऊन कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. त्याचा निबंध २००४ साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केला. उच्च मानलेल्या जातींची ३२१ आणि कनिष्ठ मानलेल्या जातीची ३२१ अशी शाळकरी मुले त्यात होती. सहा-सहांच्या गटांत बसून कागदावरील चक्रव्यूह सोडवावयाचे आणि सोडविलेल्या चक्रव्यूहांच्या हिशेबाने पैसे मिळवावयाचे, असे काम होते. काही गटांत मुलांची ओळख जाहीर केली नाही. इतर गटांत प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविली. जातीचा मोबदल्याशी काहीही संबंध नव्हता.

जेथे जात जाहीर झाली नाही, तेथे दोन्ही समूहांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. जेथे ती जाहीर झाली, तेथे कनिष्ठ मानलेल्या जातीच्या मुलांची कामगिरी खालावली आणि मोठी तफावत निर्माण झाली. येथे कोणी म्हणेल की, चारचौघांत आपली माहिती वाचली गेल्याने कोणतेही मूल संकोचेल. परंतु मिश्र गटांत उच्च मानलेल्या जातींच्या मुलांचीही माहिती तशीच वाचली गेली होती आणि त्यांची कामगिरी तशी घसरली नाही. म्हणून नुसता संकोच हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. पुढे मोबदल्याच्या निश्चितीत सोडतीसारखा मानवेतर घटक आणला, तेव्हा तफावत नाहीशी झाली. यावरून संशोधकांनी असे सुचविले की, जात उघड झाली की मुलाला वाटते, 'मी कष्ट केले तरी न्याय मिळणार नाही', आणि त्याचा हात मंदावतो. विशेष म्हणजे, एकाच थरातील मुलांना वेगळे बसवून जात जाहीर केली, तेव्हा उच्च मानलेल्या जातींच्या मुलांचीही कामगिरी उतरली.

त्याच मुलांची सरासरी बुद्धी दहा मिनिटांत बदलत नाही. बदलली ती परिस्थिती. हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना स्वतःचा वर्ग आठवेल. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना 'अमुक जातीच्या मुलांनी उभे राहावे' असे सांगितले जाई आणि उभे राहिलेले मूल पाठीवरच्या नजरा मोजीत असे. ती उद्घोषणा म्हणजे निरुपद्रवी कार्यालयीन काम नव्हे. मुलाच्या कामगिरीवर परिणाम करू शकणारे ते एक परिवर्त्य आहे. शाळेने ते टाळणे सहज शक्य आहे. अशी माहिती लेखी आणि खाजगीरीत्या घेता येते.

६. आपल्याला अनुकूल निष्कर्षांचीही परीक्षा

येथे आम्ही वाचकांस सावध करू इच्छितो. वरील प्रयोग आपल्या बाजूचा वाटतो म्हणून तो प्रश्नांपासून मुक्त होत नाही. त्यात केवळ मुलगे होते, मुली नव्हत्या. प्रदेश एक होता, काम चक्रव्यूहाचे होते आणि मापन थोड्या वेळाचे होते. त्यावरून प्रत्येक राज्यातील प्रत्येक परीक्षेविषयी विधान करता येणार नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी दाखविले की, चाचणी ही बौद्धिक क्षमतेची परीक्षा आहे असे सांगितले असता कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण घटतात. तसे न सांगितल्यास ते गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने येतात. अनेक ग्रंथांनी याचा अर्थ 'दडपण काढले की सर्व अंतर मिटते' असा लावला. परंतु त्या तुलनेत विद्यार्थ्यांच्या प्रवेशपरीक्षेतील पूर्वीच्या गुणांचा फरक गणिताने आधीच वजा केलेला होता. म्हणजे दडपण नसताना उरणारे अंतर पूर्वीच्या गुणांतील अंतराइतके होते, शून्य नव्हे. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा गैरसमज दाखवून दिला. पुढील काळात झालेल्या मोठ्या फेरतपासण्यांत या स्वरूपाचा परिणाम आरंभी वाटला त्यापेक्षा बराच लहान आढळला आहे. याचा अर्थ शाळेतील, आहारातील आणि उत्पन्नातील विषमता खरीच आहे. केवळ चाचणीच्या सूचना बदलून ती पुसली जाणार नाही. सोयीचे स्पष्टीकरण घाईने स्वीकारले असते, तर या विषमतेविरुद्धचा लढाच आपण सैल केला असता.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हा सिद्धांत नाकारताना नासिका-निर्देशांकाची उपलब्ध मापे समोर ठेवली होती. प्रतिपक्षाचेच मोजमाप घेऊन त्याच्या निष्कर्षाची परीक्षा करण्याची ही पद्धत आहे. ती आपण पुढे चालविली पाहिजे.

म्हणून माणसांच्या बुद्धीविषयी, स्वभावाविषयी वा गुणवत्तेविषयी कोणताही निष्कर्ष समोर आला की पुढील प्रश्न विचारावेत. कारण म्हणून काय मानले आहे आणि परिणाम कशाने मोजला आहे? त्या कारणाबरोबर आणखी काय काय आले होते? तुलनेचा गट कोणता होता आणि त्याची निवड कशी झाली? मोजणाऱ्यास उत्तर आधी ठाऊक होते काय? कोणता घटक गणिताने वजा केला? आणि दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी, तोच प्रयोग केला असता तेच दिसले काय?

हे प्रश्न विरोधकास विचारणे सोपे असते. अभ्यासिकेतील मुलांचे गुण वाढल्याचा आनंद झाला असताना ते स्वतःला विचारणे कठीण आहे. तरीही ते तेव्हाच विचारावयास हवेत. मुलांचे गुण उजेडाने आणि शांततेने वाढले असतील, तर आपण आणखी दिवे लावले पाहिजेत. ध्यानाने वाढले असतील, तर सराव वाढविला पाहिजे. खरे कारण कळल्याविना केलेले कष्ट मुलांपर्यंत पोहोचतीलच, अशी शाश्वती देता येत नाही.